पडद्याच्या कोपऱ्यातली बहीण

वस्तीला वीज मिळायची ती इंजिनाची. डोंगर ओलांडून तारा आणणं सरकारच्या जिवावर आलं होतं, म्हणून वस्तीच्या टोकाला पत्र्याची शेड घालून तिच्यात एक डिझेलचं इंजिन बसवलं होतं. टँकर घाट चढून यायचा, डिझेल ओतून जायचा, आणि इंजिन दिवसभर धडधडत राहायचं. अशी वीज सोन्याच्या भावानं पडते. पण वस्तीला ती शहरातल्याच दरानं मिळे, वरचा भार सरकार सोसत असे. देशात अशा आडबाजूच्या वस्त्या बऱ्याच होत्या आणि राजधानीत त्यांच्याविषयी कुणी चकार शब्द काढत नसे. काढत नव्हतं तोवर बरं चाललं होतं.

सुतार जन्मापासून बहिरा. इंजिन कुरकुरायला लागलं की ते सगळ्यांच्या आधी त्याला कळे, कारण त्याला ते तळपायातून कळे. हातातला रंधा थांबवून तो छताच्या दिव्याकडे बघत उभा राही. ऐकू येणाऱ्या माणसाचे दिवे गेले तर दिसत नाही एवढंच, गप्पा चालूच राहतात. सुताराचे दिवे गेले की बोलणंच जायचं. समोरच्याचे ओठ त्याला दिसत नसत आणि त्याचे हात समोरच्याला. मग दिवे येईपर्यंत तो आपल्या स्टुलावर बसून राही, खोलीत चार माणसं असली तरी एकटा.

एरवी त्याच्याकडे चार माणसं असायचीच कुठे? दार बसवायचं, खिडकी अडकते, पलंगाचा पाय मोडला, एवढ्यापुरती माणसं येत. बोटानं दाखवत, मान हलवत, निघून जात. त्यांचा काही दोष नव्हता. बहिऱ्या माणसाशी बोलायला चेहरा वापरावा लागतो आणि पुष्कळांना तो वापरायची सवय नसते.

गिरणीवालीला होती. तिची पिठाची गिरणी सुताराच्या भिंतीला भिंत लावून होती. नवऱ्याच्या माघारी तीच ती चालवायची. गिरणी सुरू झाली की तिथे सगळेच बहिरे, ओरडून घसा फोडला तरी उपयोग नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं ती ओठ नीट हलवून, भुवया उडवून, हातवारे करून गिऱ्हाइकांशी बोलत आली होती. सुताराला तिचं बोलणं छापल्यासारखं स्वच्छ वाचता येई. त्याच्या खुणाही तिनं हळूहळू उचलल्या होत्या. दुपारी दळण संपलं की भुवयांवरचं पीठ तसंच ठेवून ती त्याच्या दारात यायची, भुशाच्या पोत्यावर बसायची आणि वस्तीतल्या खबरा सांगायची. भुवया पिकल्या, आता अक्कल यायची तेवढी राहिली, असं ती स्वतःच म्हणायची. सुतार हसायचा. तो हसला की आवाज कसा येतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तिनं ते कधी सांगितलं नाही.

त्याला एक धाकटी बहीण होती. तिला ऐकू यायचं. पण दादाशी बोलता यावं म्हणून ती बोलायच्या आधी हात हलवायला शिकली, आणि पुढे तेच तिचं पोट झालं. राजधानीत सरकारी वाहिनीवर ती खुणांच्या भाषेची दुभाषी होती. मंत्री बोलत असला की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एका चौकटीत ती उभी असे, काळ्या कपड्यात, आणि मंत्र्याचा शब्द न् शब्द हातांनी सांगत असे. सुतार मंत्र्याकडे कधी बघत नसे.

पूर्वी दर सुट्टीला ती व्हिडिओ कॉल करायची. अलीकडे ते थांबलं होतं. कधीमधी निरोप यायचा, "बरी आहे. काम फार." सुतारानं कारण विचारलं नाही. मोठ्या लोकांच्या शेजारी उभं राहून माणूस मोठा होतो, असं त्यानं मनाशी धरलं होतं. बहीण रोज दिसते, मग आणखी काय हवं, असं तो गिरणीवालीला सांगायचा. गिरणीवाली त्यावर पदरावरचं पीठ झटकायला लागे.

आणि मग ऊर्जामंत्री बोलले. दुर्गम वस्त्यांचे वीजदर वाढणार नाहीत, असं त्यांनी स्वतःहून, कुणी विचारलेलं नसताना सांगितलं. वस्तीत पहिल्यांदा शंका आली ती तेव्हाच. दुकानदार म्हणाला की कुणी आपणहून "मी चोरी केली नाही" म्हणायला लागला तर आपण आधी खिसा चाचपतो. दोनच दिवसांत अर्थमंत्री बोलले. सवलत जन्माची नसते, विजेची खरी किंमत वापरणाऱ्यानंच द्यायला हवी, नव्या दरांचा कागद तयार आहे. त्यावर ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की असा कुठलाही कागद नाही. अर्थमंत्र्यांनी सांगितलं की ऊर्जामंत्र्यांनी तो अजून वाचला नसेल. मग मंत्रिमंडळाचा प्रवक्ता आला आणि दोन्ही मंत्री एकच गोष्ट सांगत असल्याचं जाहीर करून गेला.

वस्तीत दुसरा विषय उरला नाही. खऱ्या किमतीनं वीज घ्यायची म्हणजे दवाखान्यातल्या नर्सबाईंना लशींचा फ्रिज चालवणं जड होतं, दुकानदाराला बर्फाची पेटी, आणि गिरणीवालीला तर गिरणीच. मंत्र्यांचं हे तळ्यात-मळ्यात बघून लोक पिसाळले. खरं काय ते कुणाला विचारायचं? तेव्हा कुणाला तरी आठवलं की सुताराची बहीण त्या दोघांच्याही शेजारी उभी असते.

संध्याकाळी सुताराच्या कारखान्यात माणसं जमायला लागली. टीव्ही ज्याच्या त्याच्या घरी होता, तरी ती इथे येत. अर्धवट खुर्च्यांवर, फळ्यांच्या थप्पीवर बसत. मंत्री बोलून संपला की सगळ्यांची तोंडं सुताराकडे वळत. तो खुणांनी सांगे आणि गिरणीवाली ते मोठ्यानं बोलून दाखवे. बहीण काय म्हणते? बहिणीचा चेहरा कसा होता? सुताराला आयुष्यात इतक्या माणसांनी एका वेळी काही विचारलं नव्हतं. त्यानं बसायला दोन नवे बाक केले. नर्सबाई बसतात त्या बाजूला जरा उतार ठेवला, त्यांची कंबर दुखायची म्हणून.

अशाच एका संध्याकाळी ऊर्जामंत्री पुन्हा पडद्यावर आले. टेबलावर मूठ आपटून म्हणाले की मी असेपर्यंत दर वाढू देणार नाही. बहिणीनं ते सगळं हातांनी सांगितलं. मग मंत्री पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात तिनं हात खाली घेतले आणि उजव्या अंगठ्यानं डाव्या मनगटाची आतली बाजू दोनदा चोळली.

सुतार ताडकन उठून उभा राहिला.

ही खूण जगात दोघांनाच ठाऊक होती. लहानपणी आई औषध पाजताना गोड आहे, गोड आहे म्हणायची. धाकटीनं ते आधी चाखलेलं असायचं. ती आईच्या पाठीमागे उभी राहून दादाला मनगट चोळून दाखवायची. कडू! मनगटच का, ते कोण जाणे. पोरांच्या खुणांना कारण नसतं. पुढे मोठी माणसं काहीही खोटं बोलली की दोघांच्या भाषेत ते "कडू" झालं. बाबा लवकर येतील, कडू. शाळेत करमेल तुला, कडू. बहिऱ्या मुलांच्या शाळेत त्याला दूर ठेवायला नेलं, तेव्हा गाडीमागे उभ्या असलेल्या धाकटीनं शेवटची हीच खूण केली होती.

म्हणजे एवढ्या मोठ्या जागी उभी राहून, दिव्यांच्या झोतात, तिनं दादाला सांगितलं होतं. ती विसरली नव्हती.

सुताराला ते मनात ठेवता आलं असतं. पण सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. त्यानं सांगितलं की ऊर्जामंत्री खोटं बोलतात, बहिणीनं मला खूण केली, दर वाढणार. गिरणीवालीनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग लोकांकडे वळून तिनं ते मोठ्यानं सांगितलं, जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, पण पोत्यावर बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. राजधानीतली लेक कधीची बोलावते आहे, खोली तयार ठेवली आहे, असं तिनं सांगितलं. मग तिनं विचारलं, "जाऊ का?"

सुतारानं रंधा खाली ठेवला. त्याला तिच्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं होतं. आदल्या संध्याकाळपासून तो वस्तीतला जाणता माणूस झाला होता. त्यानं हातांनी सगळं व्यवस्थित समजावलं. नवा दर आला तर गिरणी बसणार, बसलेल्या गिरणीची मोटर कुणी फुकटही नेणार नाही, आता विकली तर काही हाती लागेल. बहिणीनं सांगितलंय म्हणजे खात्रीचं आहे. गिरणीवालीनं ते सगळं बघितलं. मान हलवली आणि गेली.

टँकरवाल्याच्या ओळखीनं मोटर विकली गेली. जाताना तिनं चाळण्या दुकानदाराला दिल्या आणि भुशाच्या पोत्यावर अंथरायचं तिचं तरट सुताराच्या दारात घडी करून ठेवलं. ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत सुतार उभा होता. नंतर तो कारखान्यात आला, तर भिंत गप्प होती. इतकी वर्षं ती भिंत त्याच्या पाठीशी थरथरत होती आणि त्यानं कधी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

पुढे काही आठवड्यांनी निर्णय आला. दर तूर्तास आहेत तेच राहतील आणि पुढचा विचार समिती करील. ऊर्जामंत्री हसले, अर्थमंत्री हसले, दोघांनी हात मिळवले. वस्तीनं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग दळणाची आठवण झाली. आता पीठ घाटाखालून आणायला लागायचं.

सुताराला तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण काचेपलीकडून, रस्त्याच्या त्या बाजूनं, त्याला ओठ वाचता यायचे. "त्याच्या बहिणीनं सांगितलं म्हणे," दुकानदार नर्सबाईंना सांगत होता. "चांगली चालती गिरणी घालवली." संध्याकाळचं येणं आधी कमी झालं, मग थांबलं. बाक भिंतीला लावून ठेवावे लागले. आता कुणाला काही सांगायचं तर त्याला पाटीवर लिहावं लागे, कारण त्याचे हात बोलून दाखवणारं वस्तीत कुणी राहिलं नव्हतं.

त्याला एकच गोष्ट कळत नव्हती. बहिणीनं त्याला खोटं का सांगावं? दोन-तीन निरोप पाठवले, त्यांना तेच उत्तर आलं, बरी आहे, काम फार. शेवटी एके दिवशी कारखान्याला कुलूप लावून तो टँकरमध्ये बसला आणि घाट उतरून राजधानीच्या गाडीला लागला.

बहीण तिसऱ्या मजल्यावर राहत होती. तिनं दार उघडलं आणि त्याला मिठी मारली, पण हातांनी नाही, कोपरांनी. तिच्या दोन्ही मनगटांवर जाड पट्टे बांधलेले होते. सुताराच्या ते लक्षात आलं, पण तो रागानं भरून आला होता. उंबऱ्यातच त्यानं विचारायला सुरुवात केली. गिरणी, मोटर, वस्ती, सगळं. ती कमरेपाशी बोटं हलवून तुटक उत्तरं देत होती. पडद्यावर मंत्र्यासाठी एवढे हात फेकते आणि भावासाठी बोटंसुद्धा उचलत नाही, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं स्वतःचं मनगट अंगठ्यानं दोनदा चोळून दाखवलं. कडू. तू मला सांगितलंस.

तिला कळलं नाही. त्यानं पुन्हा केलं. ती त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली, मग आपल्या पट्ट्याकडे. आणि तिनं हात खाली सोडून ओठांनी, अगदी हळू, म्हटलं, "दुखतं रे दादा."

त्यानंतर तिनं सगळं ओठांनीच सांगितलं. मनगटाच्या शिरा सुजल्या होत्या. वर्षभर हेच चाललं होतं. डॉक्टर विश्रांती घे म्हणत होते, वाहिनीकडे दुसरं माणूस नव्हतं. त्यात हे विजेचं प्रकरण आलं. रोज एकाचं निवेदन, रोज दुसऱ्याचा खुलासा, मग खुलाशाचा खुलासा. "शब्द ते फिरवतात आणि मनगट माझं फिरतं," ती म्हणाली. घरी येईपर्यंत हात उचलवत नसत. कंगवा धरवत नसे. आणि दादाला कॉल करायचा म्हणजे हातच लागतात.

मग मला सांगायचंस, असं तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बोलू नकोस. मग आपण काय केलं असतं?"

सुतार खाली बसला. मग त्यानं औषधाची आठवण दिली, आई, चमचा, आईची पाठ. तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटायला वेळ लागला. उमटली तेव्हा तिनं तोंडावर पट्टा धरला. पट्ट्याआड ओठ हलले, ते त्याला दिसले नाहीत. त्यानं तिचा हात हलकेच बाजूला केला. ती म्हणत होती, "मी विसरले होते ती खूण. केव्हाच विसरले होते."

दुसऱ्या दिवशी टँकरवाल्याकडून मिळालेल्या माहितीवर तो गिरणीवालीला शोधत गेला. ती लेकीच्या घराजवळच्या बेकरीत कामाला लागली होती. मागच्या दारानं ती बाहेर आली, डोक्याला फडकं बांधलेलं, कणकेचे हात. त्याला बघून तिच्या भुवया वर गेल्या. त्यांवर पीठ नव्हतं, आणि ती त्याला वाटली होती त्यापेक्षा तरुण निघाली. बेकरीत मोठी यंत्रं आहेत, पण तिथे कुणी कुणाशी बोलत नाही, असं ती सांगत होती. लेक चांगली आहे, जावई चांगला आहे, दोघंही दिवसभर बाहेर. खिडकी भिंतीवर उघडते.

त्यानं तिला सांगितलं. माझी चूक झाली. ती खूण नव्हती, तिचा हात दुखत होता. दर वाढलेच नाहीत. तुम्ही माझ्यामुळे गेलात.

गिरणीवालीनं डोक्याचं फडकं सोडलं. फडक्याच्या टोकानं बोटं एकेक करून पुसत राहिली. मग तिनं चेहरा वर केला आणि गिरणीतल्यासारखं, एकेक शब्द स्वच्छ करून म्हटलं, "मी तुम्हाला दर विचारलाच नव्हता, सुतार. मी विचारलं होतं, जाऊ का. तुम्ही मला दर सांगितलात."

त्याचे हात वर आले आणि तिथेच थांबले. काय म्हणायचं होतं ते इतकं छोटं होतं की ते म्हणायला एक हातही पुरला असता. त्यानं ते केलं. जाऊ नका.

ती किंचित हसली. "आता तर गेले मी," ती म्हणाली. "आणि आताही तुम्ही सांगायला आलात ते बहिणीचं मनगट दुखलं म्हणून." आतून कुणी तरी हाक मारली असावी, कारण तिनं मान वळवली. मग तिनं पुन्हा त्याच्याकडे वळून लेकीच्या घरचा पत्ता सांगितला, दोनदा, नीट. सुट्टी कधी असते तेही सांगितलं. येण्याविषयी ती काही बोलली नाही, न येण्याविषयीही नाही. दार तिच्यामागे आपोआप लागलं. त्याची बिजागरी सैल झाली होती. सुतारानं ते दार हातानं उचलून चौकटीत नीट बसवलं आणि तो निघाला.

संध्याकाळी बहीण कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून बसली होती. भेटली का, तिनं ओठांनी विचारलं. त्यानं मान हलवली. काय म्हणाली? गिरणीवाली जे बोलली ते त्यानं हातांनी सांगितलं, शब्द न् शब्द, पदरचं काही न घालता, बहीण मंत्र्यांचं सांगते तसं. बहिणीनं ते शेवटपर्यंत बघितलं. तिचे डोळे भरले, पण हात पाण्यात होते, त्यामुळे तिनं ते पुसले नाहीत.

मग ती बोलायला लागली. दिव्याखाली तोंड आणून, हळूहळू, ओठ नीट हलवत. तिचं लग्न का मोडलं ते, रिकाम्या घरात ती मोठ्यानं बातम्या का लावून ठेवते ते, आई शेवटी काय म्हणाली ते. तिला हातांशिवाय त्याच्याशी बोलायची सवय नव्हती आणि त्याला तिचे ओठ वाचायची. शब्द निसटत. तो पुन्हा विचारी, ती पुन्हा सांगे, कधी तिसऱ्यांदाही. दोघांत इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि त्यातलं निम्मं त्याला कळलं नाही. तरी त्यानं तिला एकदाही हात पाण्यातून काढू दिले नाहीत.